पालथ्या चपला

सिव्हिलच्या खिडकीला रांग होती,
माणसांची नव्हे, चपलांची.
माणसं लिंबाखाली टेकलेली
आणि त्यांच्या वतीनं उन्हात उभ्या
रबरी, रेक्झिनच्या, अंगठा दोऱ्यानं शिवलेल्या,
मध्येच शाळेचा एक काळा बूट, एकटाच.
दुसरा पाय प्लास्टरात असणार.

मे महिना. पावणेबारा.
त्रेचाळीस, म्हणाला रिक्षातला रेडिओ.
रिक्षावाला म्हणाला, 'कालच्यापेक्षा बरं हाय की ओ.'

एकतीस वर्षं मी जॉबर होतो.
चादरीच्या मागावर धागा कुठं तुटला
हे आवाजावरून सांगायचो, डोळे मिटून.
त्या खडखडाटानंच उजवा कान नेला.
त्याचाच कागद काढायला आलेलो.

रांग हलली की कुणीतरी एक उठायचं,
आपल्या चपला पुढं घ्यायचं
आणि मागच्यांच्याही, न विचारता.
पायानंच, जरा ढकलून.
मग वाकून बोटं चपलेला, बोटं छातीला:
पाय लागला ना, म्हणून.
मला हसू आलं.
चपलेची माफी मागणारं गाव आमचं,
एरवी बोलायला एवढं रांगडं
की पुण्याच्या जावयाला वाटतं, सगळे भांडतायत.

मग डोळा लागला माझा.

उठून बघतो तर माझ्या चपला
सात-आठ जागा पुढं,
पालथ्या.

पालथी चप्पल म्हणजे घरात भांडण,
आई कन्नडमधून सांगायची, पाठीत धपाटा घालून.
'कुणी केलं हे?' मी ओरडलो.
बहिऱ्याचा आवाज मोठाच असतो.
कुणी उत्तर दिलं नाही.
पोरगं एक मोबाईलमधून वर बघून परत खाली गेलं.
सुरमा घातलेला एक म्हातारा म्हणाला,
'बैठो की बाबा, गर्मी है.'

तणतणत गेलो, सरळ केल्या, पाय घातला
आणि चटक्यासाठी दात आवळून थांबलो.

चटका आला नाही.

गार होत्या असं म्हणणार नाही,
सोलापूरच्या उन्हाला कोण गार म्हणेल.
पण पुढचा गडी आपल्या चपलांत
तापल्या तव्यावर उभं राहिल्यासारखा नाचत होता
आणि मी नाचत नव्हतो.

वाकून पाहिलं. पट्ट्यावर पिवळट भुकटी,
तंबाखूची, दोन बोटांच्या मापाची.
म्हणजे पायानं नाही.
हातानं उचलून, एकेक.
दिवसाकाठी हजार विड्यांची तोंडं मुडपणारी बोटं,
त्यांनी माझा तळवा झाकून ठेवला होता,
आणि माझा चेहराही धड पाहिला नसेल.

तेवढ्यात खिडकीतून, डाव्या कानात,
'नरसव्वा गुर्रम! कोण हाय नरसव्वा?'
एक ठेंगणी बाई उठली,
पदराला हात पुसत गेली.
तीच असेल. नसेलही.
विडी वळणाऱ्या तिथं दहा तरी होत्या.

काय म्हणणार होतो जाऊन?
धन्यवाद हा शब्द मी पाहिलाय
समोरच्या मेडिकलच्या दारावर:
धन्यवाद, पुन्हा या.
आजाऱ्याला असं कुणी म्हणतं का?
तेलुगूत काय म्हणतात, तेही विचारलं नाही कधी.
शेजारी जन्म गेला.

मागं वळलो. गुडघे वाजले, ते मला ऐकू येत नाही,
कळतं फक्त.
पहिली पालथी केली, हिरवी, बायकी.
दुसरी, तिसरी.
बुटाचं काय करावं सुचेना,
त्यावर माझा रुमाल टाकला.

उजवीकडून कुणीतरी ओरडत होतं.
तोंडं हललेली दिसत होती.
मान वळवली तेव्हा शेवटचं तेवढं मिळालं,
'...भांडणं लावालालाव का आजोबा?'
'पाय घालून बघा,' मी म्हणालो,
आणि चौथी उचलली.

त्यानं पाय घातला की नाही, मी पाहिलं नाही.
जरा वेळानं बाही ओढल्यासारखी वाटली.
तोच होता, त्याच कपाळावर त्याच आठ्या.
खिडकीकडं बोट करून
माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन म्हणाला,
'म्हेत्रे तुम्हीच ना? तिसऱ्यांदा पुकारलंय.
जावा, मी बघतो हिकडं.'